पाचशेच्या खाली

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सीडी पोचली. खोक्याचा कोपरा चेपलाय, आतलं सगळं ठीक आहे. सोबतचा छापील कागदही मिळाला. डावीकडे ‘काय ऐकू आलं’, उजवीकडे ‘काय ऐकू आलं नाही’. तू लिहिलंयस की ऐकणाऱ्यांनी पत्रानेच कळवावं, कारण फोनवर सगळे गोडच बोलतात. बरोबर आहे. मीही बोलते.

दवाखान्यात दुपारी पाऊण तास कोणी नसतं. तेव्हा काचेच्या खोलीत बसून ऐकलं. सतरा वर्षं मी त्या खोलीबाहेर यंत्रापाशी बसून लोकांचे कान तपासते आणि आतल्या माणसाला सांगते, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. आत बसायची माझी ही पहिलीच वेळ.

पहिला भाग कधी सुरू झाला ते कळलं नाही. खोलीत कोणी तरी येऊन उभं राहिलंय आणि बोलत नाहीये, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, हा सूर आहे. दुसऱ्यात दोन सूर इतके जवळजवळ ठेवलेस की त्यांच्यामध्ये ठोका पडतो. तो ठोका तू घातलेला नाहीस, आपोआप होतो, हे मला कामामुळे माहीत आहे. तरी मी मनगट धरून स्वतःची नाडी बघितली. तिसरा भाग भरलेल्या पिंपावरून तळहात फिरवावा तसा. चौथ्यात काही तरी लांब जातं आणि जातच राहतं. पाचवा मला लांबला. सहावा आणि सातवा एकात एक ऐकले. मध्ये दार वाजलं म्हणून उठावं लागलं.

एक्केचाळीस मिनिटांत एकही टोकदार आवाज नाही. का नाही, ते आपल्या दोघांनाच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी मी तुला आईच्या कानांचा आलेख पाठवला. पाचशे हर्ट्झच्या वर तिला जवळपास काही ऐकू येत नाही, असं त्यात दिसतं. माणसाचं निम्मं बोलणं त्याच्या वर असतं. म्हणून तू सगळं पाचशेच्या खाली बसवलंस आणि नावही तेच दिलंस.

तू पाठवलेले हेडफोन लावून आईला ऐकवलं. तिने मान हलवली. तिसरा भाग आवडला असावा.

कागदाचा उजवा रकाना मी कोरा ठेवलाय. ऐकू न आलेलं लिहायचं कसं?

मुखपृष्ठावर तो आलेख छापायचं म्हणतोस. बघ बाबा. मला काही ते बरं वाटत नाही. एखादं चित्र टाक.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

धाकट्या,

बाकीच्या ऐकणाऱ्यांची पत्रं पाठवलीस ती वाचली. एकाने लिहिलंय, ‘वरचे सूर गाळण्याचं धाडस’. दुसरा म्हणतो, आईच्या पोटात असताना जग असंच ऐकू येत असेल. तिसरीला झोप लागली आणि ती त्याबद्दल तुझे आभार मानते. मला तिसरी आवडली.

इथे रिसेप्शनवरच्या बाईंना ऐकवलं. दोन मिनिटांनी हेडफोन काढून म्हणाल्या, “गाणं कधी सुरू होणार?”

“हेच गाणं.”

“अहो मॅडम, मग मी आमच्या ह्यांचं घोरणं भरून विकते की. ते झोपले की असंच असतं, आणि फुकट.”

डॉक्टरांनी मात्र शांतपणे पूर्ण ऐकलं. नंतर विचारलं, “तुमचा भाऊ काय करतो?” म्हटलं, हेच करतो. “बरं,” म्हणाले आणि पुढचा रुग्ण बोलवला.

चौथा भाग मी पुन्हा ऐकला. लांब जाणारं ते काय असावं, ते शोधत होते. आता वाटतं, ते जात नाहीये. ते जागेवरच आहे, आपण लांब जातोय. तू तसं योजलं होतंस का? नसेल तर मी लिहिलं म्हणून होय म्हणू नकोस.

आलेखाचं म्हणशील तर त्यावर दवाखान्याचा शिक्का आहे. तो छापता येणार नाही. रुग्णाचे कागद बाहेर देणं नियमात बसत नाही. मी दिला तो बहीण म्हणून.

आई बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. काल शेजारणीकडे कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, तर आई म्हणाली, “गेलं हिचं करपून. फोनवर बसली असणार.” स्वतःचा गुडघा धरून हसत होती.

तुझी आठवण काढते का, असं प्रत्येक पत्रात विचारतोस. काढते. फोन बंद केलेस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी सांगितलं म्हणून तू थांबलास. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या कानाला फोन लावणं म्हणजे शिक्षाच.

ताई

९ मार्च

धाकट्या,

कुकरच्या शिट्ट्या आईला कशा ऐकू आल्या, असं विचारलंस. वास आला असेल.

शिक्का खोडून टाकतो म्हणतोस, आणि आईच्या सहीचं संमतिपत्र पाठव, मग नियमाचा प्रश्नच नाही म्हणतोस. तुला लहानपणापासून एक दार लावलं की दुसरं सापडतं. सहीचं बघते.

पुढचं मी दोनदा वाचलं.

तिकडच्या कानाच्या डॉक्टरांना तू आलेख दाखवलास. ते म्हणाले, रेघ पाचशेनंतर कड्यावरून पडावी तशी पडते, पण अगदी शेवटी पुन्हा जराशी वर वळते. हे म्हातारपण नव्हे, हे वर्षानुवर्षं यंत्राशेजारी उभं राहिलेल्या माणसाचे कान. डॉक्टर हुशार आहेत. तुझी आई कुठल्या कारखान्यात होती, असं त्यांनी विचारलं. आणि तू म्हणालास, शिवणयंत्र.

मग तू आठवा भाग केलास. आईच्या यंत्राचा आवाज, सोळा पटींनी संथ केलेला. तो तुझ्याकडे कुठून आला, हे विचारणार होते. मग आठवलं, जाताना तू घरातले सगळे आवाज भरून नेले होतेस, नळाचासुद्धा, आणि आम्ही दोघी तुला हसलो होतो. सोबत मुखपृष्ठाच्या आत छापायचा मजकूर पाठवलास. ‘मला शिकवायला ती चौदा वर्षं यंत्रावर बसली. मी शिकलो ते तिच्या कानांच्या मोलावर.’ आणि खाली मला वेगळं लिहिलंस, ताई, हे तुला सतरा वर्षांच्या कामातून नक्की कळलं असणार, मला का बोलली नाहीस, आता सकाळी शर्ट घालताना शिवणीवर हात थांबतो.

माझं ऐक. शिवणयंत्राने कान जात नाहीत. पायाने चालवायचं यंत्र ते. त्याच्या शेजारी बसून आपण पाढे म्हणायचो आणि आई मध्येच चूक पकडायची. कारखाना आणि ते यंत्र यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो मजकूर छापू नकोस. आठवा भागही तूर्त राहू दे.

मला वाटतं, तेव्हा अहवालांची अदलाबदल झाली असावी. दवाखान्यात एखादे वेळी होतं तसं. जुने कागद काढून बघते.

छपाई किती तारखेला आहे?

ताई

२२ मार्च

अदलाबदल झाली नव्हती. मी केली.

आईला ऐकू येतं. तेव्हाही येत होतं, आजही येतं. मी हे लिहितेय आणि ती बाहेरच्या खोलीतून विचारतेय, “एवढं काय गं खरवडतेस कागदावर?”

तुझा फोन रविवारी नऊला यायचा, माझ्या मोबाइलवर, कारण आईने स्वतःचा कधी घेतला नाही. आठपासून ती केस विंचरून बसायची. “शेंडेफळाचा फोन येईल, आवाज करू नका.” घरात आवाज करणारी मी एकटी; तरी ‘नका’. फोन संपला की पुढचे तीन दिवस तू काय म्हणालास ते मला सांगायची. मी शेजारी बसून ऐकलेलं असायचं.

त्या रविवारी मी जमिनीवर बसून तिच्या पायाची नखं काढत होते. तू विचारलं असशील, ताईला फार पडत असेल ना. आई म्हणाली, “तिला काय, तिला सवय आहे.” वाईट अर्थाने नाही. टेबलाला सवय असते तसं. मी नख जरा खोल कापलं. मुद्दाम की चुकून, ते मला आजही सांगता येत नाही. ती “स्स” करून थांबली आणि तुला म्हणाली, “काही नाही रे, बोल तू.”

पुढच्या रविवारी आई अंघोळीला गेली असताना मीच तुला आधी फोन केला. म्हटलं, तिला फोनवर काही कळत नाही हल्ली, नंतर रडत बसते, नको करूस. एखादा महिना, एवढंच मनात होतं. तू म्हणालास, तपासलंस का? मी तपासणारी बाई, नाही कसं म्हणणार. म्हटलं, अहवाल पाठवते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक बॉयलरवाला आला. तीस वर्षं बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस. त्याच्या आलेखावरचं नाव झाकून मी प्रत काढली आणि त्या जागी आईचं नाव घातलं. माझं अक्षर चांगलं आहे, तुला शंका आली नाही.

महिनाभर तू गप्प होतास. मग लिहिलंस, ‘पाचशेच्या खाली तिला येतं ना, मग मी तिथेच भेटतो तिला.’ तेव्हा सांगायला हवं होतं. पण तोवर तू कामाला लागला होतास, आणि तुझ्या पत्रांत पहिल्यांदाच तू मला काही विचारत होतास. कुठला सूर तिला सोसेल, कुठला जड होईल. दोन वर्षं आपण असं बोललो. त्याआधी तू माझ्याशी ‘आईला दे’ एवढंच बोलायचास. मला ते सोडवेना. हे कारण म्हणून लिहीत नाही. होतं ते लिहिलं.

आईला सांगितलं, त्याचं काम वाढलंय. काही रविवार ती तरी केस विंचरून बसली. मग रविवारी उशिरा उठायला लागली. तिने तुला एकदाही नाव ठेवलं नाही. ठेवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सीडी मी तिला ऐकवलेली नाही. स्वयंपाकघरात अगदी बारीक आवाजात लावली होती. ती दोन खोल्यांपलीकडून म्हणाली, “अगं, फ्रीज बिघडलाय बघ.” मी बंद केली. मान हलवल्याचं मी रचलं.

आणखी एक. बॉयलरवाला गेल्या आठवड्यात कानातलं मशीन बदलायला आला. मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, मशीन काढायला लावलं आणि तुझे सात भाग लावले. का, ते सांगितलं नाही. हातात सवयीने बटण दिलं होतं. पहिल्या मिनिटात त्याने ते दोन-तीनदा दाबलं, मग दाबूनच ठेवलं. माझ्या बाजूचा दिवा एक्केचाळीस मिनिटं जळत होता.

बाहेर येऊन तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. म्हणाला, “बाई, लोक बोलतात ते मला तुकड्यातुकड्याने येतं. मधलं मी मनाने भरतो. बायकोचंसुद्धा. ह्याच्यात कुठे भोकच नव्हतं. कोणी केलंय?”

“माझ्या भावाने.”

“त्याचेही कान गेलेत?”

“नाही. आईसाठी केलंय त्याने.”

“नशीबवान आहे आई.”

मी मशीन पुसत राहिले. त्याने तुझा कागद भरलाय, सोबत जोडते. डावीकडे काही नाही. उजवीकडे लिहिलंय, ‘सगळं आलं.’ रकाना चुकला असावा. मी दुरुस्त केलं नाही.

तर तो आलेख त्याचा आहे. छापायचा की नाही, हे त्याला विचारावं लागेल, आणि मी काय केलं तेही त्याला सांगावं लागेल. उद्या डॉक्टरांना सांगते. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तू आईच्या कानांवर शिकलेला नाहीस. तिचे कान धडधाकट होते. त्यांच्यावर हात ठेवला तो मी.

ताई

३० मार्च

तुझं उत्तर नाही. तीनदा फोन लावला, माझा नंबर बघून तू उचलला नाहीस. बरोबर आहे. तरी पुढचं तुला कळायला हवं.

डॉक्टरांना सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. म्हणाले, महिनाअखेरीनंतर कामावर येऊ नका. मी एक मागितलं, यंत्रावर शेवटची एक तपासणी. “कोणाची?” आईची, म्हटलं. ते हो म्हणाले.

काल आईला नेलं. ती काचेच्या खोलीत पर्स मांडीवर घेऊन बसली. हेडफोन लावताना मी तिचे केस कानामागे केले.

“हे दाबलं की काय होतं?”

“माझ्याकडे दिवा लागतो.”

“आणि नाही दाबलं तर?”

“तर मी समजते, तुला ऐकू आलं नाही.”

“दोन वर्षांपूर्वी केली होतीस ती हीच का तपासणी?”

मी तिला कधी तपासलंच नव्हतं. पण रिसेप्शनवरच्या बाईंनी तेव्हा त्या अहवालावर आईचं नाव बघितलं असणार; त्या कधी तरी तिला म्हणाल्या होत्या, दोन वर्षांपूर्वी तपासले होते ते कान कसे आहेत आता? तिने ते नुसतं ठेवून दिलं होतं.

सूर झाले. तिचा खरा आलेख सोबत आहे, यावर कोणाचं नाव झाकलेलं नाही. वरच्या टोकाला रेघ थोडी उतरायला लागलीय, वयाप्रमाणे. बाकी कान माझ्याहून बरे आहेत. मग शब्द. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडासमोर कागद धरते आणि एकेक शब्द म्हणते. समोरच्याने तो परत म्हणायचा असतो.

“दगड.”

“दगड.”

“पाऊल.”

“पाऊल.”

“साबण.”

“साबण. आणायचाय.”

“शहर.”

“लहर... का नहर? हा पुसट होता गं.”

मग यादीत नसलेला एक शब्द मी म्हटला. शेंडेफळ.

तिने तो परत म्हटला नाही. ताठ बसली. “आला फोन?”

मी कागद खाली घेतला नाही. आवाज चाळीसवर ठेवला, म्हणजे शेजारी बसून हळू बोलावं एवढा, आणि सगळं सांगितलं. नखापासून. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या भोकाभोकांच्या फळ्यांकडे बघत होती. माझं संपलं. मी थांबले. मधलं काही तिला ऐकू आलं नसावं, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे हवं होतं.

दिवा लागला.

एकदाच. मग तिने हेडफोन काढून स्वतःच खुंटीला अडकवले.

घरी आल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. दारावरची घंटा तिला ऐकू येते. शेजारणीच्या शिट्ट्या ती मोजते. मी हाक मारली की ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी पाठवलेला अहवाल माझ्यापुरता खरा झालाय.

संध्याकाळी तिने टेबलावरची सीडी आणि हेडफोन उचलून आणले आणि माझ्यासमोर ठेवले. मी लावून दिलं. पूर्ण ऐकलं तिने, डोळे उघडे ठेवून. नंतर तुझा कागद मागितला, म्हणजे बोटाने दाखवला, आणि चष्मा लावून भरला. डावीकडे, ‘पोट भरल्यावर मांजर करतं तसं. छान आहे. गुडघ्याला बरं वाटलं.’ उजवीकडे पेन टेकवून बसली होती. मग लिहिलंय, ‘ते फोनवर सांगते.’ कागद सोबत आहे.

बॉयलरवाल्याला परवा भेटते. छपाई दहाला आहे, तोवर त्याचं उत्तर कळवीन. हो म्हणाला तर मुखपृष्ठावर त्याचं नाव घाल.

मोबाइल मी आईला देऊन टाकलाय. वाजला की हिरवं बटण कुठलं, ते शेजारणीने शिकवलं. आज रविवार नाही, तरी आठ वाजल्यापासून ती केस विंचरून बसलीय. त्यामुळे त्या नंबरावर आता मी नसेन, उचल किंवा तूच कर.

मोठ्याने बोलू नकोस, ती चिडेल. नेहमीसारखं बोल. स आणि श तेवढे जरा सावकाश घे. कान जायला लागले की ते आधी जातात.